पेरूच्या झाडाचा जवाब

आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा ती काही दिवस माझ्याकडे महाडला राहिली. राहिली म्हणजे मी तिला ठेवून घेतलं. तिचं म्हणणं असं, की बांधलाय तो डोळा, पाय नव्हे, आणि पोलादपूरहून वर आमच्या वाडीत जायला पायच लागतात. मी म्हटलं, गप्प बस आता. ती गप्प झाली, पण बसली काही नाही. दिवसभर माझ्या दोन खोल्यांत एका डोळ्याने तपासणी करत फिरायची आणि संध्याकाळी मी कॉलेजातून आले, की मीठ ओल्या जागी ठेवलंय आणि तांदळात किडे झालेत, असा अहवाल द्यायची.

तिला ठेवून घेण्यात माझा डाव होता. आमची वाडी डोंगराच्या पोटाशी आहे. तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की मी रात्री उठून पावसाचा अंदाज बघते. आमच्या घराच्या वरच्या अंगाला, जुन्या नाचणीच्या शेताच्या कडेने, जमिनीला एक भेग पडली आहे. सरकारी माणसं येऊन बघून गेली आणि जोराच्या पावसात खालच्या शाळेत जाऊन राहा, असं सांगून गेली. वाडीतली निम्मी घरं मुंबईला, उरलेली म्हातारी. त्यात माझी आई एकटी, कोंबड्यांसकट. भाऊ नालासोपाऱ्याहून फोनवर हुकूम सोडतो आणि तो पाळायचं काम माझ्याकडे येतं. दर वर्षी मी तिला न्यायला जायची आणि दर वर्षी हात हलवत परत यायची. या खेपेला ती आयती हाती लागली होती, डोळ्याच्या निमित्ताने. आता हिला वर सोडायचंच नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

तिला मात्र ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. “तुज्या म्हाडात पाणी भरतं, माज्याकडं डोंगर हाय,” ती म्हणाली. “कुणी कुणाकडं जायाचं, सांग.” मी दुसऱ्या मजल्यावर राहते, हे तिला सांगून उपयोग नव्हता. सावित्री नदीला पूर आला की दुसऱ्या मजल्यावर माणूस वाचतो खरा, पण खाली उतरता येत नाही, आणि आईच्या लेखी खाली उतरता न येणं म्हणजे बुडणंच.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. वर्षं बरीच झाली. आवाज मोठा, राग नाकावर. बाजारात जुने विद्यार्थी भेटले की आधी मी फेकून मारलेल्या खडूची आठवण काढतात, मग वाकून नमस्कार करतात. त्या वर्षी अकरावीच्या पूरक वाचनासाठी आम्ही शिक्षकांनीच काही कविता निवडून, झेरॉक्स काढून एक पुस्तिका बांधली होती. त्यात एका आजच्या कवीची कविता मी हट्टाने घातली. सहकारी म्हणाले, मुलांना कळायची नाही. मी म्हटलं, मुलांना कळते, आपल्यालाच शिकवायची भीती वाटते.

कविता तशी साधी दिसते. टेबलामागे बसलेला एक माणूस समोरच्याशी बोलतो आहे. कोण आहे, कुठल्या कचेरीतला, काही सांगितलेलं नाही. तो म्हणतो:

बसा.
पंखा लावतो.
पाणी घ्या.
तुमचा मुलगा ज्या शाळेत जातो
ती शाळा चांगली आहे.
घाबरू नका.

पुढच्या कडव्यात एक ओळ कमी. त्याच्या पुढच्यात आणखी एक. पंखा जातो, पाणी जातं, शाळा जाते. शेवटी पानाच्या तळाशी एकटी ओळ उरते: घाबरू नका. आणि तोपर्यंत वाचणाऱ्याचे हात गार पडलेले असतात.

ही कविता शिकवायची म्हणजे तिच्यात काय नाही ते दाखवायचं. मारहाण नाही. रक्त, काठी, शिवी काहीच नाही. त्या माणसाला लावलेलं एकही विशेषण नाही, तो क्रूर आहे असं कवी कुठे म्हणत नाही. समोरचा माणूस पुरुष की बाई, तेसुद्धा कळत नाही, कारण तो एक शब्द बोलत नाही. ध्रुवपद आहे, पण ते गाण्यातल्यासारखं विसावा देत नाही. दर वेळी तेच शब्द येतात आणि दर वेळी ते जास्त जड होऊन येतात. ओळी कमी होत जातात तशी खोली लहान होत जाते. हिंसा शब्दांत नाही, शब्दांमधल्या मोकळ्या जागेत आहे. हे सगळं मी माझ्या टिपणात लिहून काढलं होतं आणि, खोटं कशाला बोलू, स्वतःवर खूश होते.

नवा पाठ शिकवायच्या आधी घरी मोठ्याने म्हणून बघायची माझी सवय आहे. नवऱ्याला ती पाठ झाली आहे. मी सुरू झाले की तो मोबाइल घेऊन गॅलरीत जातो. आई नवी होती. त्या संध्याकाळी तिला खुर्चीत बसवून, पट्टी उचलून मी डोळ्यात औषध घालत होते आणि एकीकडे पाठ मनात घोळत होता.

“मान वर कर,” मी म्हटलं. “हलू नकोस. हात खाली. घाबरू नकोस.”

थेंब पडला, आईने तोंड वाकडं केलं. मग पदराने गालावरचं औषध टिपत बसली आणि मी ओट्याला टेकून कविता म्हणायला लागले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशी वर्गात म्हणणार होते तशी. हळू, अजिबात आवाज न चढवता. म्हणून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. कौतुकाची अपेक्षा होती, ते कबूल करते.

“कोण गो ह्यो?” आईने विचारलं.

“सत्तेवरचा माणूस. ज्याच्या हातात सगळं आहे असा कुणीही. कवीने मुद्दामच नाव दिलेलं नाही.”

“बोलतो तुज्यासारका.”

मला हसू आलं, मग राग आला. मी तिला समजावलं, की तो माणूस धमकी देतोय आणि मी औषध घालतेय, यात फरक आहे. तिला फरक मान्य होता. “असंल की,” ती म्हणाली. “मी कुठं बोलले तू मारतेस? मी बोलले, बोलतो तुज्यासारका.” आणि लगेच तिने पुढचं विचारलं, “मग दुसरा पक्ष काय बोलला?”

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. माझा आजा, म्हणजे आईचा बाप, जाखडीतला, आमच्या कोकणातल्या नाचगाण्यातला, शाहीर होता. जाखडीत दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, एक शक्तीवाला, एक तुरेवाला. गण झाला, गवळण झाली, की एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो आणि दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. सवाल तसाच पडून राहिला तर नुसता शाहीर हरत नाही, त्याच्या वाडीला वर्षभर मान खाली घालून बाजाराला जावं लागतं. आजा तुरेवाला. लहानपणी आई त्याच्या मागे बसून ऐकायची, आणि त्याला शब्द सुचला नाही तर हळूच पुरवायची. म्हणजे असं ती सांगते. खरं-खोटं करायला आजा नाही. पण तिच्या डोक्यात गाणं म्हणजे जोडीनेच असतं. एकाने म्हटलं की दुसऱ्याचं यायचंच. एकटं गाणं असतं, हे तिला पटत नाही.

“आई, ही कविता आहे. सवाल-जवाब नाही. दुसरा पक्ष नाही यात,” मी म्हटलं.

“हाय की. समोर बसलाय ना तो. तोंड हाय का नाय त्याला?”

“तेच तर! त्याला बोलू दिलेलं नाही, हीच तर कवितेची...”

“बघू,” तिने हात पुढे केला. चौथीपर्यंत शिकली आहे, वाचते अडखळत, पण त्या दिवशी एकाच डोळ्याचा कारभार होता. पुस्तिका नाकापाशी धरून तिने ते पान बोटाने चाचपलं आणि उलटलं. मागे दुसरी कविता होती, दुसऱ्याच कवीची, पेरूच्या झाडावर. अंगणात एक पेरूचं झाड उभं आहे, पोरं दगड मारतात, पाखरं फळं टोचतात, पावसात सालं सुटतात, झाड उभं आहे. एवढीच. ती पुस्तिकेत तिथे कशी आली, ते मला चांगलं ठाऊक होतं. अर्धं पान रिकामं राहत होतं आणि तेवढ्यात बसणारी ती एकच कविता आमच्याकडे होती.

आईने ती ओळीवर बोट ठेवून वाचली. वेळ लागला. मग तिने पुस्तिका मांडीवर उपडी घातली आणि समाधानाने म्हणाली, “ह्यो बघ जवाब. मला वाटलंच. तो बोलतो, बसा. ह्ये झाड उबंच हाय.”

मी कपाळावर हात मारला. अर्ध्या पानाची, झेरॉक्सची, सगळी हकीकत सांगितली. आई ऐकत होती आणि मान डोलवत होती, लहान मुलाच्या सबबी ऐकाव्यात तशी. “तू लावलंस का जागा भराया?” तिने विचारलं. हो, म्हटलं. “बरं लावलंस. बराबर पडलं.” आजाच्या वेळीही असंच व्हायचं म्हणे. समोरचा जोरात आला की आजा ओरडून उत्तर देत नसे. तो त्याचीच चाल उचलायचा, तेवढ्याच सुरात, आणि भलत्याच गोष्टीचं गाणं म्हणायचा, गाईचं, नांगराचं, कशाचंही. लोकांना बरोबर कळायचं कुणाला म्हटलंय ते.

“आणि त्यो तुजा मानूस,” ती उठता उठता म्हणाली, “एवडं बोलला, पन इचारलं काय त्याने? एक गोष्ट इचारली नाय. त्याला जवाब नकोच हाय.”

मी टिपणाची वही उघडून पुन्हा कविता बघितली. पंखा लावतो. पाणी घ्या. सगळं सांगणं. मी त्याच ओळी इतक्यांदा वाचल्या होत्या. लिहून घेतलं, पण आईला सांगितलं नाही. तिला आधीच फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाठ चांगला झाला. बिरवाडीहून येणारी कारखान्यातल्या कामगारांची मुलं मागच्या बाकांवर पेंगतात, तीही जागी होती. ध्रुवपद कसं जड होत जातं ते मी सांगत होते, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील आखातात ड्रायव्हर आहेत. ती म्हणाली, “मॅडम, अब्बा रोज फोनवर हेच म्हणतात. घाबरू नका. मला बरं वाटतं.”

मी विचारलं, “का बरं वाटतं? शब्द तर तेच आहेत.”

ती बोटांवर मोजायला लागली. मग म्हणाली, “ते आधी विचारतात ना. जेवलात का, पाणी आलं का, दादीचा गुडघा कसाय.”

वर्गात मला सहसा भरून येत नाही, तेवढा वेळच नसतो. त्या दिवशी आलं. मी फळ्याकडे वळून उगाच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली. मग त्यांना पेरूच्या झाडाची गंमत सांगितली. पोरं हसली, मागच्या बाकावरचा एक म्हणाला, “मॅडम, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क मिळतील?” मी म्हटलं, अजिबात नाही. संपूर्ण वर्ग खूश झाला.

एवढं सगळं कळूनही मी शहाणी झाले का, तर नाही. शिकवलेलं आपल्यालाही लागू असतं हे शिक्षकाच्या लक्षात सर्वात शेवटी येतं. डोळ्याची पट्टी निघाली, डॉक्टरांनी बरं आहे म्हणून सांगितलं, आणि आई कापडाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मी भांडले. भावाला फोन लावून तिच्या कानाला लावला. भावाने डोंगर, भेग, बातम्या, सगळं ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि चपला घातल्या. पोलादपूरच्या एसटीत बसवून देताना मी रागाने खिडकीकडे बघितलंही नाही. तिने खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावरचे केस नीट केले आणि गाडी सुटली.

मग जुलै आला. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. कॉलेजला सुट्टी जाहीर झाली. सकाळी मोबाइलवर इशारा आला, आणि वाडीतला फोन लागेना. नवऱ्याच्या ओळखीच्या एका मिनिडोरवाल्याला, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या रिक्षावाल्याला, गळ घातली आणि मी निघाले. पोलादपूरच्या पुढे रस्त्यावर दोन ठिकाणी माती आली होती. रस्ता जिथे संपतो तिथे त्याने गाडी उभी केली आणि म्हणाला, “ताई, लवकर या, मी जास्त वेळ थांबणार नाय.” मी चढायला लागले. पाणी वाटेवरूनच वाहत होतं. मला भेग दिसत नव्हती, धुक्यात काहीच दिसत नव्हतं, पण सगळा वेळ ती डोळ्यांसमोर होती. मी देवाचं नाव फारसं घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

आई ओटीवर उभी होती, खांबाला हात लावून. तिला धडधाकट बघितलं, आणि नेहमी होतं तसं, जीव भांड्यात पडताक्षणी राग आला.

“बस,” मी म्हटलं. “बस आधी. मी पिशवी भरते. पाणी पी. काही होत नाही, मी आले आहे ना. घाबरू नकोस.”

ती बसली नाही. उभीच राहिली. अंगणात तिच्या मागे ओलं, सालं सुटलेलं पेरूचं झाड होतं. ते माझ्या लहानपणापासून तिथे आहे. मी त्याला कितीदा दगड मारलेत.

मला माझाच आवाज ऐकू आला. अजिबात न चढलेला. पाठ म्हणून बघताना लावला होता, तो.

मी ओटीच्या पायरीवर बसले. माझ्या साडीतून पाणी गळत होतं, दात वाजत होते. खाली मिनिडोरवाला भोंगा देत होता. मी खरंच फार घाबरले होते, तिच्यासाठी आणि तिच्याशिवायच्या माझ्यासाठी, आणि ते मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. नुसतं तिलाच घाबरू नको म्हणत आले होते.

“आई,” मी विचारलं, “काय करूया?”

पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता, की तिला ऐकू गेलं नसेल असं वाटलं. मग ती आत गेली. दाराआडून एक गाठोडं उचलून आणलं, सुतळीने बांधलेलं, वर प्लास्टिक लपेटलेलं. मागोमाग कुलूप आणलं. चूल विझलेली होती, राखही थंड. कोंबड्यांचं खुराडं रिकामं होतं. त्या तिने पहाटेच खालच्या घरी पोचत्या केल्या होत्या.

“सकाळपास्नं बांधून बसलेय,” ती म्हणाली.

“मग काही बोलली का नाहीस? दर वर्षी मी येते, भांडते...”

“तू न्यायाला येतेस गो,” आईने कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि किल्ली कमरेला खोचली. “इचाराया कदी आलीस?”

उतरताना तिने माझा हात धरला. मी तिला धरलंय असं मला वाटत होतं, पण निसरड्या जागी घसरले मी, आणि सावरलं तिने. “घाबरू नको,” ती म्हणाली. “पाय आडवा टाक. थंडी वाजते का गो तुला?” मी हो म्हटलं. तिने गाठोड्यावरचं प्लास्टिक काढून माझ्या खांद्यांवर टाकलं आणि गाठोडं स्वतःच्या पोटाशी धरलं.

संध्याकाळी आम्ही महाडला पोचलो. नदी फुगली होती, पण बाजारात पाणी आलं नव्हतं. वाडीचं त्या पावसात काय होणार होतं ते अजून कुणाला माहीत नव्हतं, आणि आई दर थोड्या वेळाने खिडकीतून पोलादपूरच्या बाजूला बघत होती. मी चहा टाकला. तिच्यासाठी खुर्ची ओढली, ओठांवर शब्द आले होते, ते गिळले.

“आई, बसतेस का?”

तिने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आता तिचे दोन्ही डोळे चांगले आहेत.

“बगते,” ती म्हणाली, आणि मिठाची बरणी कुठे ठेवली आहे ते पाहायला उभ्या उभ्याच स्वयंपाकघरात गेली.